मारुती ८०० च्या प्लग वायरी: दोन सेट घेतले, एक परत केला

आधी निकाल, मग रामायण. गाडी मारुती ८००, १९९८ ची, कार्बुरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग). तिला दोन महिन्यांत प्लग वायरींचे (स्पार्क प्लगपर्यंत करंट नेणाऱ्या वायरींचे) दोन सेट लावले. पहिला ऑनलाइन मागवलेला, ३९० रुपये, निव्वळ भंगार. दुसरा पुण्यात नाना पेठेतून आणला, ८५० रुपये, एक नंबर. कंपन्यांची नावं लिहीत नाहीये, कारण पहिल्या सेटच्या बॉक्सवर पण नाव भारीतलंच छापलेलं होतं, आत माल खरा होता की डुप्लिकेट ते देव जाणे. त्यामुळे बॉक्स वाचून वायर घेऊ नका, मल्टिमीटर लावून घ्या. कसा लावायचा ते पुढे येईलच.

गाडी बाबांची. आता त्यांना रस्त्यावरची गर्दी झेपत नाही म्हणून माझ्याकडे आली. पंधरा वर्षं झाल्यावर आरसी रिन्यू केली, मग दर पाच वर्षांनी परत तेच, असं तीनदा आरटीओचे हेलपाटे मारून झालेत. घरात सगळे म्हणतात विकून टाक, पण ७९६ सीसीचं ते तीन सिलिंडरचं इंजिन इतकं साधं आहे की बोनेट उघडलं की काय कुठे आहे ते माझ्यासारख्या ऑफिसात बसणाऱ्या माणसाला पण कळतं. नवीन गाडीचं बोनेट उघडलं तर फक्त काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं, त्याच्याशी काय बोलणार.

तर झालं असं की जूनमध्ये साताऱ्याला निघालो होतो, पाऊस भुरभुर चालू, खंबाटकी घाट चढायला लागलो आणि गाडी गचके द्यायला लागली. मिसिंग म्हणतात ना ते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाही. ॲक्सिलरेटर दाबला की मागून कोणीतरी दोरी बांधून ओढतंय असं वाटायचं, दुसऱ्या गिअरवर कशीबशी वर चढवली, मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकले. गंमत म्हणजे घाट उतरल्यावर सपाटीला गाडी एकदम शहाणी. साताऱ्यात उभी करून चालू ठेवली तर आयडलिंग घड्याळासारखं.

पुण्यात आल्यावर एका गॅरेजला दाखवली. त्यांनी चावी फिरवली, दोनदा रेस दिली आणि सांगितलं कार्बुरेटर. ओव्हरहॉल करून घेतला, किट, जेट साफ, मजुरी, सगळे मिळून २८०० गेले. पुढच्या पावसात पुन्हा तेच. परत गेलो तर म्हणे पेट्रोल पंप बदलून बघू. बघू म्हणजे काय, माझ्या पैशाने बघायचं! गाडी घेऊन आलो घरी.

आमच्या गल्लीत एक जुने रिक्षा मिस्त्री राहतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते आता गॅरेज बघत नाहीत, पोरगा बघतो, पण संध्याकाळी कट्ट्यावर असतात. मी नुसतं सांगितलं की मामा, पावसात आणि चढावरच मिसिंग मारते. ते म्हणाले, "रात्री ये, बायकोची इस्त्रीची पाण्याची बाटली घेऊन ये, ती फवारायची." मला वाटलं चेष्टा करतायत.

रात्री साडेनऊला गाडी आमच्या बिल्डिंगच्या मागे, जिथे लाइट पोचत नाही तिथे लावली. बोनेट उघडलं, इंजिन चालू. मामांनी लांबूनच फुस्स करून प्लग वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. आणि अंधारात निळी निळी ठिणगी दिसायला लागली, एक वायर जिथे पत्र्याला घासत होती बरोबर तिथून, टिक टिक आवाज करत. दुसरी ठिणगी डिस्ट्रिब्युटरजवळच्या (तिन्ही प्लगना पाळीपाळीने करंट वाटतो तो) रबरातून. प्लगला जायचा करंट रस्त्यातच सांडत होता. मामा म्हणाले हात लावू नको, हिसका बसला की आजी आठवेल. ही टेस्ट करताना खरंच हात लांब ठेवा, आणि बाटलीतून धार मारू नका, नुसता फवारा.

तेव्हा मला तो घाटाचा हिशोब कळला. कॉइल १२ व्होल्टचे वीस हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त करते आणि ते या वायरीतून प्लगपर्यंत जातात. गाडी आयडलिंगला असताना सिलिंडरमध्ये दाब कमी, ठिणगी सहज उडते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की आत भरपूर मिश्रण येतं, दाब वाढतो, प्लगच्या फटीतून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. करंट तर पाण्यासारखाच, जिथे वाट सोपी तिकडे जाणार. वायरीच्या रबराला तडा गेलेला, त्यात पावसाची ओल, शेजारी इंजिनचा पत्रा. कशाला तो प्लगपर्यंत जाईल? म्हणून सपाटीला शहाणी आणि घाटात वेडी. आणि म्हणूनच गॅरेजमध्ये उभ्या गाडीला दोनदा रेस देऊन काही कळलं नाही. कार्बुरेटर बिचारा विनाकारण बदनाम झाला.

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर काढला. घरातला साधाच, पिवळा, लाइटच्या कामाला घेतलेला. या वायरींच्या आत तांब्याची तार नसते हे मला माहीतच नव्हतं. कार्बन भरलेला धागा असतो, त्याला मुद्दाम थोडा रेझिस्टन्स ठेवलेला असतो, नाहीतर रेडिओत खरखर येते. बहुतेक वायरींना मीटरभर लांबीला काही हजार ओहम ते वीसेक हजार ओहम असा रेझिस्टन्स असतो, कंपनीप्रमाणे बदलतो. आकडा अमुकच पाहिजे यापेक्षा लांब वायरीला जास्त, छोटीला कमी, असा तो चढत्या क्रमात यायला पाहिजे आणि वायर हलवली तर आकडा नाचला नाही पाहिजे. माझ्या जुन्या सेटमध्ये एक वायर ७ किलोओहम, दुसरी ९, तिसरी सरळ धरली तर १२ आणि वाकवली की ४० च्या वर, कधी मीटर ओपनच दाखवायचा, म्हणजे आत वायर तुटलेली. कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरला येणारी मधली वायर ५, पण तिच्या टोपीच्या आत हिरवट पावडर साचलेली. म्हणजे चारपैकी दोन तर उघड उघड मेलेल्या.

मग आला पहिला सेट. ऑनलाइन, तीन दिवसांत घरी. पॅकिंग झकास, होलोग्राम वगैरे. हातात घेतल्यावर वायर जाड वाटली, लाल रंग, मी खूश. इथे माझी पहिली चूक, मीटर लावलाच नाही, नवीनच आहे म्हणलं.

काढण्याचं काम सांगतो, कारण जुन्या वायरी काढण्यातच लोक वाट लावतात. इंजिन गार पाहिजे, रात्रभर उभी असलेली गाडी बेस्ट. चावी काढून खिशात. प्लगवरची रबरी टोपी कधीच सरळ ओढायची नाही आणि वायर धरून तर अजिबातच नाही. वायर धरून ओढली की आतला कार्बनचा धागा टोपीतल्या पिनेपासून सुटतो, वरून काही दिसत नाही आणि मग तुम्ही महिनाभर मिसिंग शोधत बसता. टोपी मुठीत धरायची, अर्धा आटा इकडे अर्धा आटा तिकडे फिरवायची, वर्षानुवर्षं चिकटलेलं रबर सुटतं, मग फिरवत फिरवतच वर घ्यायची. मी टोप्या काढायची एक स्पेशल पक्कड पण मागवली होती, पुढे रबर लावलेली वाकडी. मारुती ८०० ला तिची काही गरज नाही, हात घालायला एवढी जागा आहे की आत मांजर झोपेल. २५० रुपये पाण्यात. ज्यांच्या गाडीत प्लग खोल विहिरीत असतात त्यांना उपयोगी पडत असेल.

आणि प्लग पण काढणार असाल तर टोपी काढल्यावर आधी तिथली माती उडवा. मी सायकलच्या पंपाने हवा मारली. नाहीतर प्लग निघाला की ती सगळी वाळू थेट सिलिंडरमध्ये. माझे प्लग तांबूस-राखाडी होते, दोन चांगले आणि तिसऱ्यावर काळी काजळी, म्हणजे ज्याची वायर मेलेली तोच. तिन्ही नवे टाकले, गॅप ०.८ मिमीला लावला. आमच्याकडे बाबा अजून मायकोचे प्लगच म्हणतात, कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी त्यांच्यासाठी मायकोच. ८०० चं हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे नवा प्लग आधी हातानेच आट्यात बसवायचा, पाना शेवटी. आटा वाकडा गेला तर पुढचा खर्च मी सांगत नाही.

आता दुसरी चूक. सगळीकडे सांगतात एक काढा, एक बसवा. मी शहाणा, फोटो काढायला म्हणून तिन्ही एकदम काढल्या. फोटो काढला पण तो काढल्यानंतरचा! मग बसवताना अंदाजाने बसवल्या. चावी मारली, स्टार्टर फिरतोय, फिरतोय आणि एकदम फाट्ट करून कार्बुरेटरमधून असा आवाज आला की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या, विचारतात लग्न कोणाचं. ८०० चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम, १-३-२ आहे, मी दोन आणि तीनची अदलाबदल केली होती, म्हणजे एका सिलिंडरला ठिणगी वेळेवर आणि बाकी दोघांना भलत्याच वेळी. एक नंबर सिलिंडर टायमिंग बेल्टच्या बाजूचा, हे लक्षात ठेवा. आणि वायरींवर सेलोटेप लावून पेनाने १, २, ३ लिहा, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर पण लिहा. पाच मिनिटांचं काम वाचवायला गेलो आणि दीड तास गेला.

बरोबर बसवल्यावर गाडी चालू झाली. चांगली चालू झाली. मी म्हणलं झालं काम. दोन दिवसांनी बाबा गाडीत बसले, त्यांना क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायची होती, मीडियम वेव्ह लावली तर रेडिओवर टर्रर्रर्र, ॲक्सिलरेटर दाबला की टर्रर्र पण वाढते. बाबा म्हणाले आधी असं नव्हतं. तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. वायरी काढून मीटर लावला. एक वायर अर्धा ओहम पण नाही, म्हणजे आत सरळ तांब्याची तार. दुसरी १४ किलोओहम. तिसरी, जी सगळ्यात लांब, ती ३. एकाच सेटमध्ये तीन जाती! कोणीतरी उरलेल्या वायरी एका रंगात बांधून बॉक्समध्ये भरल्यासारखं. वरून टोपीचं रबर नखाने दाबलं तर खूण तशीच राहते, चांगलं सिलिकॉन परत वर येतं. आणि प्लगवर बसताना टक असा जो आवाज यायला पाहिजे तो नव्हताच, आतली क्लिप ढिली. ढिल्या क्लिपमध्ये पण ठिणगी उडत राहते आणि प्लगचं टोक जळतं.

परत पाठवला. त्यात अडचण आली नाही, पैसे आठवड्यात आले, हे कबूल करतो. फक्त फोनवरच्या मुलाला कारण काय सांगू? रेडिओ वाजतोय. तो म्हणाला सर, तुम्ही रेडिओ नाही, वायर घेतली आहे. मी म्हणलं तेच तर.

मग नाना पेठ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पुण्यात गाड्यांचे पार्ट शोधायचे असले की पाय आपोआप तिकडेच वळतात. शनिवारी दुपारी बस करून गेलो, गाडी नेऊन पार्किंग शोधण्यात अर्थ नाही. पहिल्या दोन दुकानांत "आठशेची? कार्बुरेटर? आता कोण ठेवतं." बरोबरच आहे म्हणा, गाडी बंद होऊन पण २०१४ पासून किती वर्षं झाली. तिसऱ्या दुकानात एक वयस्कर शेठ बसलेले, त्यांनी पोराला वर पाठवलं, तो शिडी चढून तीन सेट घेऊन आला. मी पिशवीतून मीटर काढला. शेठनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दागिन्यांच्या दुकानात स्वतःचा तराजू काढलाय. म्हणाले, "साहेब, तीस वर्षं झाली, कोणी वायर मोजून नेली नाही." मी म्हणलं शेठ, मोजू द्या, परवडलं तर नेतो. मग त्यांनाच मजा वाटायला लागली, स्वतः वायर धरून आकडे वाचायला लागले. पहिल्या सेटमधली एक वायर ओपन निघाली, ती त्यांनी लगेच बाजूला काढून ठेवली, वाद नाही. दुसऱ्या सेटला चारही आकडे लांबीच्या क्रमाने, छोटीला ४ आणि सर्वात लांबीला ८ किलोओहम, वाकवून, गुंडाळून, ओढून बघितलं तरी आकडा जागचा हलत नाही. ७ मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या वायरी, काळ्या, दिसायला अगदीच साध्या. ८५० म्हणाले, मी घासाघीस केली नाही, शिडी चढलेल्या पोराकडे बघून.

त्याच दुकानातून डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर पण घेतला, ३८०. हे सांगायचं कारण, नवीन वायरी जुन्या कॅपमध्ये खुपसू नका. माझ्या जुन्या कॅपच्या आत पितळी टोकांवर पांढरी बुरशी आणि दोन टोकांच्या मध्ये केसासारखी काळी रेघ होती. ती रेघ म्हणजे करंटने पाडलेली पायवाट, पुसून जात नाही. कॅप काढल्यावर टॉर्च मारून बघाच.

यावेळी शहाण्यासारखं एक काढली, एक बसवली. टोपीच्या आतल्या कडेला सिलिकॉन ग्रीस अगदी भिंतीला चुना लावल्यासारखं पातळ लावलं, याने ओल आत जात नाही आणि पुढच्या वेळी टोपी चिकटत नाही. बेअरिंगचं ग्रीस लावू नका हां, पेट्रोलियमच्या ग्रीसने रबर फुगतं. वायर नेताना जुन्याच प्लास्टिकच्या क्लिपांत अडकवली, पत्र्याला किंवा एक्झॉस्टला कुठे टेकत नाही ना ते बघितलं. दोन वायरी एकमेकींना चिकटून लांबपर्यंत नेऊ नयेत असं मामा म्हणाले, एकीचा करंट दुसरीत उतरतो आणि भलत्याच सिलिंडरमध्ये ठिणगी पडते. मामांनी शेवटी कान लावून आवाज ऐकला आणि फक्त "हं" म्हणाले. त्यांच्याकडून हे खूप झालं.

रात्री परत फवारा. अंधार. काही नाही. मीडियम वेव्ह पण स्वच्छ, नेहमीची थोडी खरखर सोडली तर. ऑगस्टमध्ये भर पावसात खंबाटकी परत चढलो, मुद्दाम तिसऱ्या गिअरवर, बाबा शेजारी बसलेले. अर्ध्या घाटात गिअर पाडावा लागला पण तो गाडीचा नाही, तिच्या वयाचा दोष. गचका एक पण नाही. ॲव्हरेजचा आकडा मी देत नाही कारण मी प्लग, कॅप, कार्बुरेटर सगळंच बदललंय, त्यातलं कोणाचं श्रेय कोणाला द्यायचं.

एक गोष्ट नवीन गाडीवाल्यांसाठी. आता बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल बसते, वायरी नसतातच, त्यामुळे हा सगळा रिव्ह्यू तुमच्या कामाचा नाही. पण २०१०-१२ पर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत वायरी आहेत. तुमची त्यातली असेल आणि इंजिनचा पिवळा दिवा लागून स्कॅनरवर पी०३०० किंवा पी०३०१, ०३०२ असं काही आलं तर ते मिसफायरचे, म्हणजे मिसिंगचे कोड. ०३०१, ०३०२ मध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा, ०३०० म्हणजे कुठला एक ठराविक सिलिंडर नाही. ती वायर शेजारच्या सिलिंडरच्या वायरीशी बदलून बघा, अर्थात लांबी पुरत असेल आणि कॉइलवरच्या जागा न हलवता, फक्त वायर. कोड तिच्यामागे गेला तर वायरच. आणि मिसिंग तशीच चालवत बसू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग) जाऊन जळतं आणि त्याची किंमत ऐकली तर वायरींचा सेट फुकट वाटेल.

रेटिंग: ऑनलाइन सेटला पाचपैकी अर्धा, तो अर्धा पण पैसे परत आले म्हणून. नाना पेठेच्या सेटला साडेचार. अर्धा कापला कारण वायरींवर नंबर छापलेले नाहीत आणि सोबत नवीन क्लिपा दिल्या नाहीत, माझ्या जुन्यांतली एक बसवताना तुटली, तिथे सध्या केबल टाय आहे. टोपी काढायची ती पक्कड कोणाला पाहिजे असेल तर सांगा, एकदाच वापरली आहे, ती पण गॅलरीतला कुंडीचा हुक काढायला.